वरून काय दिसतंय?

क्रेनच्या यार्डात जुने वायररोप, म्हणजे तारांचे दोर, एका कोपऱ्यात टाकलेले असतात. त्यातला एक ओढायला जावं, तर चार गुंतलेले सोबत येतात. किस्स्यांचं तसंच आहे. परवा एका लग्नात शेजारच्या गृहस्थांनी नुसतं विचारलं, "रिटायर झाल्यावर काय केलंत?" मी म्हणालो, "क्रेन ऑपरेटरांच्या शाळेत शिकवलं." तिथून जो सुरू झालो, तो ते गृहस्थ मठ्ठा आणायला उठेपर्यंत. मठ्ठा आणायला गेले ते परत आलेच नाहीत!

तेव्हापासून मला शंका आहे, की हे किस्से खरंच ऐकण्यासारखे आहेत की मलाच तसे वाटतात. शंका हा माझा जुना आजार. इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवलं, कंपनांवर पीएचडी केली, तरी वर्गात एखादा पोरगा जांभई द्यायला लागला की मला वाटायचं, आपलं समीकरण चुकलं. पण तुम्ही आपली माणसं आहात. कंटाळा आला तर मठ्ठा आहेच.

तर आमची शाळा नाशिकबाहेर, आडगावच्या पुढे, ओझरकडे जाताना लागायची. लागायची म्हणजे अजूनही आहे. मीच आता तिथे नाही, म्हणून तोंडातून 'लागायची' निघतं. एक पत्र्याची शेड, एक वर्ग, एक कडुनिंब आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक जुनी पिवळी टॉवर क्रेन. मला थिअरी शिकवायला आठवड्यातून दोनदा बोलावलं होतं. मी रोज जायला लागलो.

*

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. फळ्यावर क्रेनचं चित्र काढलं, भार आणि अंतर यांचं गणित मांडलं, लांब हातावर थोडं वजनही कसं जड पडतं ते समजावलं. माझ्या मते झकास तास झाला. शेवटी विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरून सायखेड्याचा सोमनाथ उठला. "सर, तुम्ही कधी वर गेलाय का?"

मला उंचीची भीती वाटते. घरात पंख्यावरची धूळ पुसायला स्टुलावर चढलो तरी बायको स्टूल धरून उभी राहायची. मी खरं ते सांगितलं, "नाही."

मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर वर गेले तर खाली कोण थांबणार? तू?"

हे आमचे उस्ताद. गांगुर्डे आडनाव, पण त्या नावाने त्यांना फक्त बँकवाले ओळखायचे. प्रॅक्टिकल सगळं त्यांच्याकडे. मिशांना काळा रंग, डोळ्यांवर गॉगल, आणि स्वतःबद्दल अजिबात शंका नाही. "या जिल्ह्यात माझ्याइतका अलगद हुक कुणी टेकवत नाही," असं ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की मलाही थोडा वेळ शंका यायच्या नाहीत.

"जय भीम, सर," ते म्हणाले. "खाली थांबणारा माणूस मिळत नाही हो. चढणारे पुष्कळ."

आणि माझ्या हातात त्यांनी वॉकीटॉकी दिला.

*

त्या वॉकीटॉकीमागे एक गोष्ट आहे. ती गमतीची नाही, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

उस्ताद तरुणपणी एका धरणाच्या कामावर होते. शेजारच्या क्रेनवर त्यांचा जिवलग मित्र. सकाळी त्या मित्राचं मेसवाल्याशी चहावरून भांडण झालं होतं. जेवायला तो खाली उतरला नाही. सगळे म्हणाले, रुसलाय. खालून दिसायचा तो केबिनमध्ये सरळ बसलेला, डोकं काचेला टेकवून. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी चहाचा ग्लास वर करून दाखवला. ढिम्म! संध्याकाळी पाळी बदलताना दुसरा माणूस वर चढला, तेव्हा कळलं. हृदय कधीच थांबलं होतं.

"दुपारभर आम्ही त्याची समजूत काढत होतो, सर," उस्ताद म्हणायचे आणि नळावर जाऊन तोंड धुऊन यायचे.

म्हणून आमच्या शाळेचा नियम. वर माणूस असला की खाली एक जण वॉकीटॉकी घेऊन उभा. दर थोड्या वेळाने त्याने विचारायचं, "काय दिसतंय?" आणि वरच्याने काहीतरी नवीन पाहून सांगायचं. 'ठीक आहे' म्हणायला बंदी!

मी वर्गात शिकवायचो, की लिव्हरवरचा हात सुटला तर क्रेन आपोआप थांबते. उस्ताद म्हणायचे, "क्रेन थांबते ना, सर. पण वरच्याला काय झालंय, ते क्रेन सांगत नाही. आणि 'ठीक आहे' तर माणूस झोपेतही म्हणतो. नवीन काही सांगायला डोकं जागेवर लागतं."

एकच उत्तर दोनदा आलं, की चर्चा करायची नाही. उस्ताद तोंडाने हुकूमही द्यायचे नाहीत. नुसतं एक बोट वर करायचे. म्हणजे भोंगा वाजवा, स्ट्रेचर काढा, माणूस वर!

*

सोमनाथला हा नियम समजायला वेळ लागला.

"काय दिसतंय?"

"द्राक्षबाग."

थोड्या वेळाने पुन्हा, "काय दिसतंय?"

"द्राक्षबाग."

उस्ताद खालून ओरडले, "अरे, ती मघाशी पण होती!"

"तीच हाय ना उस्ताद! ती कुठं जाणार?"

पण एकदा नजर बसल्यावर त्याच्यासारखा सांगणारा नाही. एकदा उस्तादांच्या मिसेस शाळेत आल्या होत्या. आमच्या वहिनी म्हणजे झेडपीच्या शाळेतल्या रिटायर्ड शिक्षिका. उस्तादांना मधुमेह, आणि गोळ्यांची डबी ते मुद्दाम घरी विसरायचे, ती द्यायला आल्या होत्या. उस्ताद कुठे दिसेनात. मी आपलं माझं काम करत विचारलं, "काय दिसतंय?"

स्पीकर मोठा होता. सगळ्या यार्डाला ऐकू गेलं, "उस्ताद शेडमागं बसून जिलबी खाऊन राहिलेत!"

वहिनींनी शांतपणे माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतला. "सोमनाथ, किती खाल्ल्या?"

"दिसत नाय वहिनी, पाठ करून बसलेत."

"लक्ष ठेव. पेपर तपासून मगच मार्क देऊ!"

*

वर्षातून एकदा मेडिकल व्हायची. डोळे, कान, साखर, बीपी. वर चढणाऱ्या प्रत्येकाची सक्तीची. माझी तपासणी सक्तीची नव्हती, पण दुसऱ्यांची होताना बघून मला राहवेना. मी गुपचूप रांगेत उभा राहिलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला. काढला, परत गुंडाळला. मग गंभीर चेहऱ्याने उस्तादांना हाक मारली. "या काकांना वर अजिबात पाठवू नका. इतकं बीपी! वरच्या वर काही झालं तर?"

उस्ताद म्हणाले, "डॉक्टर, ते जन्मात वर गेलेले नाहीत. हे बीपी जमिनीवरचं आहे!"

*

मनीषा पगार आली तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी तिला आधी कॉम्प्युटरच्या कोर्सची माहिती दिली. सटाण्याकडची पोरगी, वेणी घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. म्हणाली, "घरचा ट्रॅक्टर मीच चालवते. हा उभा ट्रॅक्टर आहे. यात काय एवढं?"

उस्तादांना ती पहिल्या दिवसापासून आवडली. तोंडावर कधी म्हणाले नाहीत. पण इतरांना सांगायचे, "हुक टेकवताना ती श्वास धरते बघा. माझ्यासारखं!"

तिच्याच बॅचला तो कांद्याचा प्रकार झाला. वर कुणाला चक्कर आली, झटका आला, तर त्याला स्ट्रेचरला बांधून खाली कसं उतरवायचं, याची आम्ही तालीम घ्यायचो. त्यासाठी एक वाळू भरलेला पुतळा होता, तो उसवला. मग उस्तादांनी कांद्याची गोणी आणली, तिला जुना युनिफॉर्म चढवला, वर हेल्मेट बांधलं. नाव ठेवलं 'पाहुणा'. पाहुण्याला धक्का लागू द्यायचा नाही. "सावकाश! कांदा फुटेल!" असं उस्ताद सारखं ओरडायचे. खाली आल्यावर गोणी उघडून बघायचे. कांदा ठेचला असेल तर मार्क कमी.

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी हे लांबून पाहिलं, आणि क्रेनवरून प्रेत उतरवतायत, असं गावभर केलं. नेमके मनीषाचे वडील कांदा विकायला आलेले. टेम्पो तसाच सोडून धावत यार्डात आले. पागोटं हातात, श्वास लागलेला. पोरगी समोर उभी दिसली तरी त्यांना खरं वाटेना.

"तू शे ना? मंग तो कोन शे?"

मनीषा म्हणाली, "आबा, तो कांदा शे!"

आबांनी गोणीजवळ जाऊन हेल्मेट उचललं, आत हात घालून एक कांदा काढला, दाबून पाहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "भाव नही म्हनीसन कांदाले फाशी दिधी का?"

*

एव्हाना वॉकीटॉकी माझाच झाला होता. त्या कामाला माझ्यासारखा घाबरट माणूस लागतो, असं उस्तादांचं मत. पण माझ्या घाबरटपणाचा त्रासही व्हायचा.

एकदा मी सोमनाथला विचारलं, "काय दिसतंय?" वरून आलं, "हंऽऽ." पुन्हा विचारलं. पुन्हा "हंऽऽ." मी भोंगा वाजवला. सगळे धावले. मनीषा सरसर वर पोचली. बघते तर सोमनाथच्या तोंडात शेंगदाण्याची चिक्की दातांना चिकटलेली!

एकदा एक जण शिंकला, तेव्हा वाजवला. एकदा वर सगळं ठीक होतं, माझ्याच वॉकीटॉकीची बॅटरी उतरली होती, तेव्हाही वाजवला. मग प्रथाच पडली. खोटा भोंगा वाजला की सगळ्यांना चहा सरांचा. पोरं तर वाटच बघायची. "सर, आज दुपारी वाजवा ना! काल झोप झाली नाय."

मी एकदा उस्तादांना म्हणालो, "हे काम दुसऱ्या कुणाला द्या. माझ्यावरचा विश्वास उडेल लोकांचा."

उस्ताद म्हणाले, "सर, खोटा वाजला तर आपण चहा पितो. तुम्ही वाजवत राहा."

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. मी वर कधी गेलो नाही. पण माझ्याइतकं नाशिक कुणी पाहिलं नसेल. "सर, रामशेजच्या किल्ल्यावर ढग बसलाय." "सर, बागांवर कागद चढवताहेत, सगळं पांढरं." "सर, गोदावरीला पाणी सोडलंय, सायखेड्याकडं चकाकतंय." "सर, तुमच्या टकलावर कावळ्याचं लक्ष आहे!" मी खाली कडुनिंबाखाली डोळे मिटून ऐकायचो. बायको गेल्यावर घरात मला असं काही सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

*

त्या दिवशी सकाळी उस्ताद एकटेच वर गेले होते, रोजच्या तपासणीला. हुकला काही लावलेलं नव्हतं. पोरं शेडमध्ये हार्नेसचे पट्टे अंगावर चढवत होती.

मी विचारलं, "काय दिसतंय?"

"ओझरचं विमान."

ओझरला विमानांचा कारखाना. चाचणीला विमान उडालं की उस्तादांना फार अप्रूप. मीही मान वर केली. विमान दिसलं नाही. म्हटलं, लांब असेल. त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले.

थोडा वेळ गेला. "उस्ताद, काय दिसतंय?"

"ओझरचं विमान."

आभाळ स्वच्छ होतं. आवाजही नव्हता. मी भोंगा वाजवला.

शेडमधून हशा आला. सोमनाथ बाहेर डोकावून म्हणाला, "सर, आज सकाळी सकाळीच चहा?"

"दोनदा एकच उत्तर आलं," मी म्हणालो.

"कुणाचं?"

बोट वर करणारे उस्ताद नेहमी खाली असायचे. त्या दिवशी ते वर होते. मग मीच बोट वर केलं. सोमनाथचं हसू गेलं. मनीषा तोवर शिडीच्या अर्ध्यावर पोचलेली.

वरून तिचा आवाज आला, "सर, उस्ताद बसलेले आहेत. उजवा हात लोंबतोय. तोंड वाकडं झालंय. डोळे उघडे आहेत. आणि सारखं तेच म्हणताहेत, सर. विमान."

*

त्यांना पाहुण्यासारखंच खाली उतरवलं. तीच स्ट्रेचर, तेच दोर, त्याच गाठी. खालचा दोर सोमनाथच्या हातात होता. स्ट्रेचर मध्यावर आली, जराशी हलली, आणि सोमनाथच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सावकाश! कांदा फुटेल!"

निघालं आणि त्याने जीभ चावली.

स्ट्रेचर खाली टेकली. उस्तादांचा अर्धा चेहरा निर्जीव होता. उरलेला अर्धा हसत होता.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर मी कडुनिंबाखाली बसून राहिलो. सोमनाथ दोन ग्लास घेऊन आला. एक माझ्या हातात दिला.

"आज माझा," म्हणाला.

*

मेंदूतली रक्ताची गुठळी. वेळेत आणलं, म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. चालणं थोडं सुधारेल. बोलणं? "येईलही. नाहीही. सांगता येत नाही."

उस्तादांना कळत सगळं होतं. पण बोलायला गेले की एकच शब्द निघायचा. बोलणं तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पेन दाखवलं, "हे काय?"

"विमान."

घड्याळ दाखवलं. "विमान." पाण्याचा ग्लास. "विमान." त्यांचं त्यांनाच समजायचं, की चुकतंय. डोळ्यांत पाणी यायचं, पण पुन्हा तोंड उघडलं की विमानच.

वहिनी पुढे झाल्या. स्वतःच्या छातीला हात लावून म्हणाल्या, "आणि मी कोण?"

उस्तादांनी खूप वेळ त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलवले. पुष्कळ जोर लावून म्हणाले, "विमान."

वहिनींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. "बघा, डॉक्टर! एवढ्या संसारात बायकोला इतक्या उंचावर कधी चढवलं नव्हतं यांनी!"

*

उस्ताद नाशिकरोडला वसाहतीत राहतात. मी रोज दुपारी जायला लागलो. शाळा सुटलीच होती. आता तिथे पडद्यावरची क्रेन आली आहे. खुर्चीत बसायचं, समोर खोटं आभाळ, खोटा हुक. थिअरीचेही व्हिडिओ आहेत. व्हिडिओतला माणूस माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो, मी पाहिलं आहे. त्याला शंका येत नाहीत. खरी क्रेन मात्र अजून उभी आहे, आणि ती शिकवणारी आता मनीषा आहे. सोमनाथ तिच्या हाताखाली. तो सांगतो, "लय कडक हाय, सर. उस्ताद परवडले!"

मी गेलो की वहिनी चहा ठेवायच्या. उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे, मिशा पांढऱ्या झालेल्या. बुद्धाच्या मूर्तीपुढे उदबत्तीचा बारीक धूर. मी खुर्ची ओढायचो आणि विचारायचो, "उस्ताद, काय दिसतंय?"

"विमान."

"छान. आणि?"

"विमान."

रोज. मला वाटायचं, विचारत राहिलं पाहिजे. कधीतरी दुसरं काही येईल. पिंपळ दिसतो म्हणतील. समोरच्या गच्चीवरची कुरडई दिसते म्हणतील. शिव्या दिल्या तरी चालतील.

एके दिवशी मी विचारलं, आणि उस्तादांनी मान भिंतीकडे वळवली. काहीच बोलले नाहीत. विमानही नाही.

घरी येताना सबंध रस्ताभर माझं डोकं चाललं होतं. आपण कुणाला मदत करतोय? जे त्या माणसाकडून गेलं, तेच रोज त्याच्यापुढे धरतोय. ही तालीम आहे की छळ? एवढं शिकून मला एवढंही ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. म्हटलं, गुडघा दुखतोय. तिसऱ्या दिवशी खरंच दुखायला लागला. मग आठवडा गेला, पुढचाही गेला. वहिनींचा फोन आला की मी म्हणायचो, "येतो हो, येतो."

माझा फ्लॅट गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते. दुपारी मी तिथे बसायचो आणि रामशेजवर आज ढग आहे का, याचा विचार करायचो.

*

आणि मग त्या दिवशी दुपारी फोन वाजला. वहिनींचा नंबर. मी गुडघ्याची सबब तयार ठेवूनच उचलला.

"हॅलो, वहिनी?"

पलीकडून नुसता श्वास. जोर लावल्यासारखा. मग वहिनींचा लांबून दबलेला आवाज, "घाई नाही. सावकाश." पुन्हा श्वास.

"सर."

मी खुर्चीतून उठलो.

"सर... काय... दिस... दिसतंय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची भिंत होती. भिंतीवर कुणाचा तरी कुलर, त्याच्या पत्र्यावर एक कबुतर, वरच्या दोरीवर निळा टॉवेल. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी तोंड उघडलं. कसाबसा एकच शब्द निघाला.

"विमान."

मग पुन्हा, आणि या वेळी अगदी यार्डातल्यासारखं, न अडखळता:

"सर, काय दिसतंय?"

मी चष्मा काढला. डोळे पुसले. नवीन काहीतरी सांगायला हवं होतं, ते कळत होतं.

"विमान," मी म्हणालो.

फोन बंद झाला.

मी तसाच खिडकीशी बसून राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही. मग जिन्यात बुटांचा आवाज आला. भराभर, दोन माणसांचा. बेल वाजली नाही, दारावर थापाच पडल्या.

दार उघडलं. मनीषा उभी. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात हार्नेस, धाप लागलेली. तिच्या मागे जिन्यात सोमनाथ, खांद्यावर घडी केलेली स्ट्रेचर. खालच्या मजल्यावरच्या काकू कठड्याला धरून वर बघत होत्या.

"अगं, काय झालं?"

"वहिनींचा व्हिडिओ कॉल आला, सर," मनीषा म्हणाली. "उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बोट वर केलं."

"अगं, पण मी ठीक आहे!"

मनीषाने सोमनाथकडे पाहिलं. सोमनाथने स्ट्रेचर उघडली.